ज्याचे प्रेत दाखवले नाही

दांडीच्या प्रफुल्लने बी.ए.ला मराठी घेतले, तेव्हा त्याच्या वडिलांनी जाळे शिवता शिवता एकच प्रश्न विचारला होता. "मराठी तर तुला येतेच हाय. मग शिकायचं काय त्यात?" हा प्रश्न प्रफुल्ल आम्हाला पुढे पुष्कळ वर्षे ऐकवीत असे, आणि प्रत्येक वेळी हसत असे. पालघरच्या महाविद्यालयात आम्ही एका बाकावर बसत होतो. मी केळव्याचा, तो दांडीचा. वर्गात समुद्राकाठचे आम्ही दोघेच, त्यामुळे डब्यातल्या सुक्या बोंबलावरून होणारी थट्टा आमच्या दोघांत वाटली जाई.

तिसऱ्या वर्षाला लोकसाहित्याचा पेपर होता. सर सांगत, की गोष्टी कुठल्याही मुलखातल्या असोत, त्यांचे साचे थोडेच असतात. राजपुत्राला घराबाहेर काढतात. तो कड्यावरून पडतो, नाही तर नदीत वाहून जातो. लोक त्याला मेलेला समजतात. मग तो वेश बदलून येतो, कोणी तरी तोतया त्याच्या जागी उभा राहतो, आणि शेवटी अंगावरच्या एखाद्या खुणेने खरा ओळखला जातो. आम्ही हे सारे परीक्षेपुरते उतरवून घेतले. प्रफुल्लने मात्र, घरून कोणी निरोप आणला असावा तसे, ते कान देऊन ऐकले. एकदा त्याने उभे राहून विचारले, "सर, नायक पडताना दाखवला आणि प्रेत दाखवलं नाही, तर तो परत येतोच का?"

"लोककथेत येतो," सर म्हणाले. "पेपरात असं लिहू नकोस."

त्या पदवीचा नोकरीला काही उपयोग झाला नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात तो हेल्पर म्हणून लागला आणि काही वर्षांत ऑपरेटर झाला. घरची होडी थोरल्या वामनने सांभाळली. तो नाखवा, समुद्राची त्याला जितकी जाण तितकाच माणसांशी बोलण्याचा कंटाळा. वडील गेल्यावर घरात आई येसूबाई, वामनची बायको मोनाली, त्यांची लहानगी रिद्धी, आणि अविवाहित प्रफुल्ल एवढी माणसे राहिली.

मग 'अरिंजय' आला. पडद्यावर त्या चित्रपटाचा पहिला भाग लागला तेव्हा बोईसरमध्ये तिकिटे मिळेनाशी झाली. दक्षिणेत तयार झालेला, हिंदीत उतरवलेला तो चित्रपट एका राजपुत्राचा होता. शेवटी पाठीत बाण घेऊन अरिंजय किल्ल्याच्या तटावरून समुद्रात पडतो, पाण्यावर फेस दिसतो, आणि पडदा काळा होतो. दुसरा भाग केव्हा येणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. देशभरातले चाहते मोबाइलवर वाद घालू लागले, की तो मेला की जगला, आणि जगला तर कोणाच्या रूपात येईल. प्रफुल्लने एका रविवारी बंदरावर उभे राहून, मागे होड्या ठेवून, दहाएक मिनिटांचा व्हिडिओ केला. अरिंजय का परत येणार हे त्याने लोककथेच्या साच्यांवरून समजावून सांगितले. 'अरिंजय'वर मराठीत असे कोणी बोललेच नव्हते. तो व्हिडिओ नागपूरपासून बेळगावपर्यंत पाहिला गेला.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दिग्विजय नावाचा त्याचा सोबती त्याला छळत असे. "अरे पंडितजी, आज कौन जिंदा हुआ?"

"तुझी बढती," प्रफुल्ल म्हणे. "तिचं पण प्रेत कोणी बघितलं नाय."

हा दिग्विजय पुढे त्याचे व्हिडिओ जोडून देऊ लागला. चाहते वाढले. मुले त्याला प्रफुल्लदादा म्हणू लागली. घरी वामन जेवताना एवढेच बोले, "आमचा भाऊ मेलेल्यांना उठवतो. त्याला म्हणावं, आधी बाबांना उठव. इंजिनाचं त्यांना कळायचं." येसूबाई दोघांनाही गप्प करी, पण हसे.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या आणि पुढच्या महिन्यात, अंदाज नसताना, वारा फिरला. वामनची होडी उलटली. होडीवर चौघे होते. कमलेश नावाचा खलाशी आणि आणखी एक जण डिझेलचे रिकामे डबे धरून तरंगत राहिले. त्यांना दुसऱ्या गावच्या होडीने उचलले. चौथ्याचे प्रेत काही दिवसांनी किनाऱ्याला लागले. होडीसुद्धा ओढून आणता आली. वामन सापडला नाही.

कमलेश डोंगराकडचा, विक्रमगडच्या बाजूचा. पावसाळ्यात आपल्या वावरात भात लावायचा आणि हंगामात दांडीला खलाशी म्हणून यायचे, असे त्याचे वर्षानुवर्षे चालले होते. दवाखान्यातून सुटल्यावर तो आधी आपल्या पाड्यावर न जाता वामनच्या घरी आला. ओट्यावर भावकी बसली होती. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "नाखवा माझ्या समोर खाली गेला. वर नाय आला."

प्रफुल्ल येसूबाईशेजारी बसला होता. त्याने विचारले, "खाली जाताना तू बघितलास. वर आला नाय हे कसं म्हणतोस? तू बघत होतास का सारखा?"

"लाटांत कोण सारखा बघतो, दादा."

"मग?" प्रफुल्ल आईकडे वळला. "आय, बुडताना बघितलाय. बुडालेला कोणी नाय बघितला."

चक्कर आलेल्या माणसाच्या ओठांना पाण्याचा पेला लावावा तसे तो हे बोलला, असे मला तेव्हा तिथे बसलेल्या एकाने सांगितले. दुसरे काही त्याच्यापाशी नव्हते. येसूबाईने तो पेला घेतला आणि पुन्हा खाली ठेवला नाही. त्या दिवसापासून कमलेशचे तोंड पाहायचे नाही असे तिने ठरवून टाकले. पुढे तो कधी रानातले करांद्याचे कंद घेऊन आला, कधी नाचणीचे पीठ घेऊन आला, की ती उठून आत जाई आणि तो वस्तू ओट्यावर ठेवून निघून जाई.

प्रफुल्लने भावाचे नाव व्हिडिओत कधी घेतले नाही. पण त्याच महिन्यात त्याने अरिंजयवर जे बोलणे केले, त्यात तो अरिंजयला एकदा 'माझा भाऊ' म्हणून गेला आणि पाहणाऱ्यांना शंका आली. बातमी कुठून तरी कळली. खाली लोक लिहू लागले, "दादा, वामनदादापण येणार." कोणी वामनचा लग्नातला फोटो मिळवून त्यामागे उसळता समुद्र आणि तेजाचे वलय घातले, खाली लिहिले, "तो परतणार." वामन, ज्याला फोटो काढताना हात कुठे ठेवावेत हे कळत नसे, त्या चित्रात तलवार धरून उभा होता. प्रफुल्लला ते चित्र पाहवेना, पण पुसून टाका असे सांगणेही त्याला जमेना. येसूबाईने दिग्विजयकडून ते बोईसरला छापून घेतले आणि देवांच्या शेजारी, पण हार न घालता, लावले.

दुपारी बोंबील वाळत घालून झाले, की ती मोनालीचा मोबाइल मागून घेई आणि मुलाचे व्हिडिओ बघत बसे. अरिंजय कोण हे तिला नीट ठाऊक नव्हते. तटावरून पडला, बायको वाट बघतेय, धाकटा भाऊ सिंहासनावर डोळा ठेवून आहे, एवढे तिला पुरे होते. कितीदा तरी पाहून तिला सगळे साचे तोंडपाठ झाले. गावातल्या बायका समजावायला आल्या तर ती त्यांना ते सांगे, आणि सांगताना तिचा स्वर प्रफुल्लसारखा होई.

मोनालीचे माहेर सातपाटीचे, म्हणजे समुद्र तिलाही नवा नव्हता. कमलेश बोलला त्याच दिवशी तिला कळले होते. पण गळ्यातले मंगळसूत्र काढावे असे कोणी म्हटले नाही, आणि राहू दे असेही कोणी म्हटले नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काही घरांतून बोलावणे आले नाही. एका घरातून आले. तिथल्या बाईने दारात करंडा उघडला, क्षणभर बोट तसेच धरले, आणि मग तिला तीळगूळ देऊन बोट पदराला पुसले. मोनाली पुन्हा कुणाकडे गेली नाही. तिची धाकटी बहीण दीपाली बोईसरला औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिने तिथे जागा असल्याचे सांगितले. येसूबाई म्हणाली, "तो येईल तेव्हा घरात कोणीच नाय, असं करायचं? जेवण कोण वाढणार त्याला?"

"आई, मी काय आयुष्यभर वाढलेलं ताट घेऊन बसू?"

"अजून वरीस नाय झालं. बायका बारा-बारा वर्षं बसल्यात."

"कुठल्या बायका?"

येसूबाईने मोबाइलकडे बोट केले.

प्रेत न मिळालेल्या माणसाचा विधी आमच्या किनाऱ्यावर अनेक घरांना माहीत आहे. दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, अंगावर कपडा घालतात, आणि माणूस समजून त्याला अग्नी देतात. मग सुतक, मग दिवस. भावकीतल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते, की होडी दुरुस्त झाली आहे, ती नव्या हंगामात पाण्यात जायच्या आधी हे उरकावे. मालकाचा निकाल न लावता त्याची होडी लोटू नये. मोनाली तयार होती. अग्नी धाकट्या भावाने द्यायचा होता. प्रफुल्ल म्हणाला, "आय हो म्हणू दे." आणि आई हो म्हणणार नाही हे त्याला ठाऊक होते, असे मोनालीला वाटे. मलाही वाटते.

उन्हाळ्यात वेरावळहून एका चाहत्याने एक चित्रफीत पाठवली. बंदरावर दाढी वाढलेला एक माणूस जाळी धूत होता. कोणाशी बोलत नाही, नाव सांगत नाही, कुठून आला ठाऊक नाही, असे पाठवणाऱ्याने लिहिले होते. फीत पाहता पाहता हजारो लोकांकडे गेली. खांद्यांची ठेवण वामनसारखीच होती. येसूबाईने ती पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "डोक्याला मार लागलाय. विसरलाय. तूच सांगलं व्हतंस, विसरतात."

प्रफुल्ल आणि दिग्विजय वेरावळला गेले. बंदरावर तो माणूस सापडायला वेळ लागला नाही. तो खाली वाकलेला होता तोवर प्रफुल्लला तो वामनच वाटत होता; तो उभा राहिला आणि वामनपेक्षा चांगला वीतभर बुटका निघाला. दिग्विजय मोबाइल धरून हे टिपत होता. त्या माणसाने दोघांकडे आळीपाळीने पाहिले.

"आप लोग पिक्चरवाले हो क्या?" त्याने विचारले.

तो भांडून घर सोडून आलेला माणूस होता. बोलत नसे, कारण बोलायचे नव्हते. कृपा करून माझा व्हिडिओ काढून टाका, घरचे शोधत येतील, एवढीच विनंती त्याने केली.

घरी येसूबाई दारात उभी होती. मागे कोणी नाही हे तिने पाहिले. प्रफुल्ल म्हणाला, "तो नव्हता, आय."

"नसणारच," ती म्हणाली. "पयला सापडतो तो तोतया असतो. खरा त्याच्या मागून येतो. चल, जेव."

त्या क्षणी काय वाटले हे त्याने मला नंतर एकदा केळव्याच्या सुपारीच्या वाडीत बसून सांगितले. अपयशाचे त्याला काही वाटले नाही. त्याला भीती वाटली. आपण आईला जे दिले त्यात कुठूनही शिरता येत नाही, हे त्याला कळले. भाऊ आला तर ते खरे ठरणार होते, आला नाही तर अधिक खरे ठरणार होते.

रात्रीचे आवरून मोनाली मागच्या दारी भांडी घासत होती. तिने मान वर न करता विचारले, "भाऊजी, तुमच्या त्या गोष्टीत बायको असते ना त्याची?"

"असते."

"तो येईपर्यंत ती काय करते?"

"वाट बघते."

"ते झालं. आणखी काय करते? सकाळी उठून काय करते? पोरीला ताप आला तर काय करते?" तिने तवा पालथा घातला. "सगळ्या व्हिडिओत शोधलं मी. तिच्यावर एक नाय तुमचा."

किल्ल्याच्या सज्ज्यात उभी असलेली ती राणी प्रफुल्लने शेकडो वेळा पाहिली होती, आणि ती तिथून केव्हा तरी खाली उतरत असेल, हे त्याच्या कधी मनातच आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याने भावकीला सांगितले, की विधी करू, मी अग्नी देतो. मग तो आईसमोर जाऊन बसला. येसूबाई मासे निवडत होती. त्याने सांगितले ते तिने सगळे ऐकून घेतले.

"थोरला भायेर असताना धाकटा त्याला मेला म्हणून सांगतो," ती म्हणाली. "होडी त्याची. घर त्याचं. बायकोपण घरातच हाय. अशा धाकट्याचं पुढं काय व्हतं, सांग बघू. तुला तर येतंय सगळं."

"आय, मला होडी नको. मला काय नको."

"तो पण असंच म्हणतो पयल्यांदा."

तो उठून आला. आईने त्याला गोष्टीतल्या कपटी धाकट्याची जी जागा दिली होती, ती नाकारता येत नव्हती. नाकारली तर मोनाली होती तिथेच राहणार होती. गावातही कुजबुज झाली. वहिनीशी लग्न लावायचे असेल, असेही कोणी म्हटले. प्रफुल्लने एक छोटा व्हिडिओ केला. माझा भाऊ वामन समुद्रात गेला आहे, तो परत येणार नाही, त्याचे चित्र कृपया कोणी वापरू नये, एवढेच सांगून तो थांबला. खाली लोकांनी लिहिले, "दादा, हा ट्विस्ट आहे ना?" कोणी लिहिले, "गद्दार." एकाने तर, हे धाकट्याचे बोलणे म्हणजेच थोरला जिवंत असल्याची खूण, असा नवा सिद्धान्त मांडून आपला वेगळा व्हिडिओ केला, आणि तो प्रफुल्लच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त पाहिला गेला.

विधी किनाऱ्यावर झाला. मीही गेलो होतो. भटजींनी पुतळा बांधला, मोनालीने वामनचा निळा शर्ट त्यावर घातला आणि वरचे बटण लावले. प्रफुल्लने अग्नी दिला. दर्भ सुका असतो. फार वेळ लागत नाही. मोनाली रडली, आणि तिला रडताना पाहून बायकांना सुटल्यासारखे झाले, कारण आता तिच्याशी कसे वागायचे हे त्यांना कळले होते. येसूबाई आली नव्हती. घरी परतल्यावर सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घेतले. ती चुलीपुढून उठली नाही. तिने सुतकाची अंघोळ केली नाही. मेलेला नसताना सुतक कशाचे, असे ती म्हणाली. दहा दिवस झाले, तेरावा झाला, तरी नाही. प्रफुल्लचे ताट ती वाढून सरकवी आणि तोंड फिरवी. मोनालीशी मात्र बोलणे बंद नव्हते. दीपालीच्या कारखान्यातून बोलावणे आले होते आणि मोनाली महिना संपला की जाणार होती, त्यालाही तिने पुन्हा अडवले नाही.

होड्या रंगवून झाल्या, तेव्हा कमलेश आला. भाताची लावणी उरकून तो हंगामाचे विचारायला आला होता. वामनच्या होडीवर आता चुलतभाऊ नाखवा म्हणून जाणार होता, त्याच्याबरोबर येऊ का, असे त्याला प्रफुल्लला विचारायचे होते. ओट्यावर येसूबाई सुके मासे निवडत बसलेली पाहून तो सवयीने अंगणाबाहेरच थांबला, ती आत जाण्याची वाट पाहत.

ती आत गेली नाही.

"ये. बस," ती म्हणाली.

कमलेश पायरीवर बसला. प्रफुल्ल दारात उभा होता.

"सांग," येसूबाई म्हणाली.

कमलेशने प्रफुल्लकडे पाहिले.

"त्याच्याकडं बघू नको. त्याला गोष्टी येतात. तू सांग."

कमलेश सांगू लागला. वारा कसा फिरला, जाळे ओढताना होडी एका बाजूला कशी झुकली. त्याला नीट सांगता येत नव्हते. पुढचे आधी येई, मग तो मागे जाई. ती मध्ये बोलली नाही. जाळ्याचा दोर नाखव्याच्या पायात अडकला होता, असे तो म्हणाला, तेव्हा तिचे हात थांबले.

"कुठल्या पायात?"

"डाव्या."

"डावाच पुढं टाकायचा तो," ती म्हणाली. "चालायला लागला तवापासून. मग?"

"मी पाण्यात फेकला गेलो होतो, डबा हाताला लागला होता. तो सोडून दोर कापायला जाणार होतो. ते म्हणाले, डबा सोडू नको."

"असं म्हणाला?"

"ओरडले. शिवी पण दिली."

"काय शिवी?"

कमलेशने मान खाली घातली. मग हळूच सांगितली. येसूबाईने ती ऐकली आणि डोळे मिटून मान हलवली. ती शिवी वामनच्या बापाची होती. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ती तिने ऐकली नव्हती.

"मग?"

"मग होडी पालथी झाली. ते खालच्या अंगाला होते. नाय दिसले."

"नाय दिसला," ती म्हणाली.

तिने मांडीवरचे मासे टोपलीत टाकले, टोपली बाजूला सारली, आणि हात टेकून उठायला गेली. प्रफुल्ल तिला धरायला पुढे झाला. तिने हात आडवा केला.

"तू थांब भायेर."

मग आतल्या बाजूला तोंड करून तिने हाक मारली, "मोनाली, पाणी काढ गो माझं. डोक्यावरनं घ्यायचंय."

कमलेशने तिला हात दिला. तो धरून ती उठली आणि आत गेली. प्रफुल्ल ओट्यावर उभा राहिला, आणि न्हाणीतून पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला, तेव्हाही तो तिथेच उभा होता.